साठा शिल्लक : शून्य

कुटुंब नियोजनाच्या साधनांवर सरकारने पैसा खर्च करावा का, हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे, आणि तो ज्या रीतीने लढवला जात आहे ती रीत मला घातक वाटते. १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी प्रजननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, २.१ च्या खाली जाणे समाजाच्या अस्तित्वाला धोक्याचे असल्याचे सांगून दोनपेक्षा अधिक, म्हणजे तीन अपत्यांचा विचार मांडला. त्याच सुमारास आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनीही मोठ्या कुटुंबांचा पुरस्कार सुरू केला. तेव्हापासून एक बाजू विचारते, की महाराष्ट्राचा एकूण प्रजननदर १.७ वर आलेला असताना निरोध आणि गोळ्या फुकट वाटण्याचे कारण काय? दुसरी बाजू तावातावाने उत्तर देते, की देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे गेली आहे, तेव्हा साधने वाटण्यावाचून गत्यंतर नाही. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात मी हे दोन्ही पक्ष एकाच संध्याकाळी ऐकले. दोघांचे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध होते, पण पाया एकच होता. बाईच्या हाती साधन द्यायचे की नाही, हे देशाला किती माणसे हवीत यावरून ठरवायचे, हे दोघांनीही न बोलता मान्य करून टाकले होते.

मला हा पायाच मान्य नाही. गर्भनिरोधक साधने, गर्भचाचणीच्या पट्ट्या, पाळीचे पॅड, लैंगिक आजारांच्या चाचण्या आणि औषधे, बाळंतपणात लागणारी इंजेक्शने हा सगळा पुरवठा सरकारने स्वतःच्या पैशाने, अखंड आणि प्रजननदराकडे न बघता केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रजननदर उद्या २.५ झाला तरी आणि १.३ झाला तरी हा खर्च तसाच राहिला पाहिजे. नळाचे पाणी आणि बाळाची लस आपण ज्या कारणासाठी देतो, त्याच कारणासाठी ही साधनेही दिली पाहिजेत. गोवराची लस देताना, वाचलेले मूल देशाला परवडेल का, असा हिशेब आपण कधी मांडला आहे?

‘अखंड’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण सगळा प्रश्न त्या एका शब्दात आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात दिवाळीच्या आधी मी ओळखीच्या आशाताईंबरोबर गेले होते. तिथे पेठ तालुक्याकडच्या पाड्यावरून आलेली एक बाई बसली होती; कडेवर अकरा महिन्यांचे मूल, आणि हातात दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली दोन कार्डे, एक बाळाच्या लसीचे आणि दुसरे तिच्या स्वतःच्या ‘अंतरा’चे. अंतरा म्हणजे पाळणा लांबवण्यासाठीचे इंजेक्शन. ते दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा फार तर चार आठवडे नंतर घेतले तरी चालते, त्यापुढे मात्र संरक्षण राहिले असे धरता येत नाही. तिच्या दोन मात्रा झाल्या होत्या, तिसरीची तारीख जवळ आली होती. सिस्टरने नोंदवही उघडून दाखवली. त्या रकान्यात ‘शिल्लक : ०’ असे लिहिले होते. “पुढच्या मंगळवारी ये ताई, तोवर येईल,” असे सिस्टर म्हणाल्या आणि तो शब्द त्यांनी मनापासून दिला होता. बाई काही बोलली नाही, फक्त कार्ड परत पिशवीत गुंडाळू लागली. पुढच्या मंगळवारी ती तिथे नसणार होती. तिच्या टोळीला न्यायला मुकादमाचा पिकअप रविवारी येणार होता आणि द्राक्षाची छाटणी, पेस्ट लावणे, मग डिपिंग, विरळणी अशी कामे करत ती टोळी थेट होळीलाच परतणार होती.

ही गोष्ट नाशिकच्या माणसाला समजावून सांगावी लागू नये. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि एक फवारणी चुकली, तर डावणी हा बुरशीचा रोग किती वेगाने घड संपवतो, हे निफाडचा कोणताही बागायतदार सांगेल. वर्षभरात बागेवर किती लाखांची औषधे मारली, या बेरजेला तेव्हा अर्थ उरत नाही. त्या दोन दिवसांत औषध हाताशी होते का, एवढेच विचारायचे असते. मनमाडकरांनाही हे कळेल. वर्षानुवर्षे पंधरा-वीस दिवसांनी पाणी येण्याची सवय झालेल्या गावात, योजनेवर किती कोटी खर्च झाले, यापेक्षा नळ कोणत्या दिवशी सुटणार, याला मोल असते. मात्र कुटुंब नियोजनाच्या चर्चेत आपण नेहमी किती कोटी आले आणि किती पाकिटे वाटली, एवढेच बोलतो. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या बाईला ती वस्तू मिळाली का, हे कोणी विचारत नाही.

विरोधकांचा पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, आरोग्य केंद्रात डॉक्टर नाहीत, रुग्णवाहिकेला वेळेवर डिझेल मिळत नाही, सर्पदंशाची लस संपलेली असते; असे असताना उपलब्ध पैसा आधी जीव वाचवण्याकडे का वळवू नये? पैसा अपुरा आहे, हे खरेच आहे. सुरगाण्यात रात्री साप चावलेल्या मुलाला घेऊन नाशिकपर्यंत धावणाऱ्या बापापुढे मी गर्भनिरोधकांची बाजू मांडू शकणार नाही. पण हा आक्षेप जीव वाचवणे एका पारड्यात आणि साधने दुसऱ्या पारड्यात टाकतो, तिथे तो चुकतो. नको असलेली गर्भधारणा थांबत नाही, ती कुठेतरी जातेच. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळजवळ तीन-चतुर्थांश कोणत्याही दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. त्या सगळ्याच धोक्याच्या असतात असे नाही. योग्य मात्रेत आणि योग्य आठवड्यांत घेतल्या तर त्या पुष्कळ सुरक्षित आहेत. परंतु कुणाला न सांगता मागवलेल्या, अर्धवट मात्रेत घेतलेल्या गोळीनंतर रक्त थांबेना म्हणून ज्या बाया जिल्ह्याच्या ठिकाणी येतात, त्यांच्यासाठी खाट, रक्ताची पिशवी, भूलतज्ज्ञ आणि रुग्णवाहिका सरकारलाच लागते. इंजेक्शनची कुपी वाचवून केलेली बचत आपण रक्ताच्या पिशवीवर खर्च करतो, आणि शिवाय ती बाई पणाला लावतो.

दुसरे असे, की हा पुरवठा म्हणजे निरोधची पाकिटे एवढेच समजून वाद घातला जातो. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन, झटके आटोक्यात आणणारे मॅग्नेशियम सल्फेट, गरोदरपणात गरमी (सिफिलिस) आणि एचआयव्ही तपासण्याच्या पट्ट्या हे सगळे याच साखळीतून येते. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, तेव्हा देशाचा आकडा ९७ होता. या फरकाचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो आकडा शीतपेटीत वेळेवर पोहोचलेल्या कुप्यांनी आणि रात्री जागणाऱ्या सिस्टरांनी खाली आणला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

फुकट वस्तूची किंमत राहत नाही, हा दुसरा आक्षेपही निराधार नाही. मुदत संपलेल्या निरोधची खोकी केंद्राच्या कोपऱ्यात पडलेली मी स्वतः पाहिली आहेत, आणि वाटलेल्या पाकिटांचा आकडा वापराचा आकडा म्हणून वर पाठवला जातो, हेही सर्वांना ठाऊक आहे. ज्याला परवडते त्याने मेडिकलमधून विकत घ्यावे, यालाही माझी हरकत नाही. पण यावर उपाय म्हणून पैसा काढून घ्यावा का? आपलाच इतिहास वेगळे सांगतो. निरोध १९६८ मध्ये बाजारात आला तेव्हा तो तीन नगांना १५ पैशांनी विकला जात होता. सरकारने किमतीचा भार उचलला आणि वाटपाचे काम चहा, साबण, सिगारेट, बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांकडे सोपवले, कारण जिथे काडेपेटी पोहोचते तिथे निरोधही पोहोचावा, असा साधा विचार त्यामागे होता. २०११ पासून आशाताई घरपोच साधने देऊ लागल्या, तेव्हाही निरोधच्या पाकिटाला आणि गोळ्यांच्या पत्त्याला १ रुपया, तर तातडीच्या गोळीला २ रुपये घ्यावेत असे ठरले. नाममात्र किंमत ठेवा, मोफत ठेवा, दोन्ही मिळून ठेवा. ही व्यवहाराची बाब आहे आणि ती गावागणिक वेगळी असू शकते. तांबी आणि इंजेक्शन मात्र कोणत्याही दुकानाच्या काउंटरवरून घेऊन स्वतः वापरता येत नाही. त्याला शिकलेला हात लागतो आणि पाड्यावर तो हात सरकारी सिस्टरचाच असतो. शिवाय, बाजारातून घे, असे बाईला सांगणाऱ्यांनी तिच्या कनवटीला तिचे स्वतःचे किती पैसे असतात आणि गावातले एकमेव मेडिकल तिच्या सासऱ्याच्या उठण्याबसण्यातल्या माणसाचे तर नाही ना, याचाही विचार करावा.

आता सर्वांत भक्कम आक्षेप. सरकारने या क्षेत्रात हात घातला की जबरदस्ती येते, असे म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे आणि त्यातला काही माझ्या घरचा आहे. माझी आई याच जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स होती. आणीबाणीत, १९७६ साली, तिला महिन्याला ठरावीक ‘केसेस’ आणण्याचा हुकूम होता. केसेस म्हणजे माणसे, हे मला तेव्हा कळत नव्हते. कोटा पुरा झाला नाही म्हणून तिचा दोन महिन्यांचा पगार अडकला होता आणि शेजारचे गुरुजी त्याच विवंचनेत नात्यागोत्यातल्या लोकांपुढे हात जोडत फिरत होते. जीपचा आवाज आला की गावातले पुरुष उसात शिरत. त्या १९७६–७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, पण आपल्या पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याने तिथवर मजल मारली होती, हे विसरू नये. आई पुढे अनेक वर्षे सांगत असे, की त्यानंतर बाळाच्या ट्रिपल लसीचा डोस घेऊन गेले तरी लोक दार लावून घ्यायचे. एका वर्षाच्या जबरदस्तीने तिची वीस वर्षांची पत धुऊन नेली.

हे सगळे आणीबाणीबरोबर संपले असेही नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि त्यांतल्या दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असा आदेश द्यावा लागला. तेव्हा सरकारी कार्यक्रमाबद्दल संशय बाळगणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. पण या दोन्ही घटनांत नेमके काय घडले, हे नीट पाहिले पाहिजे. दोन्ही ठिकाणी वर बसलेल्या माणसाला एक आकडा गाठायचा होता आणि खाली बसलेल्या माणसापुढे एकच साधन होते, शस्त्रक्रिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्त्री-नसबंदीचा मार्ग पत्करलेला दिसतो. पुरुष-नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के आहे, तांबीचे २.१ टक्के आणि इंजेक्शनचे जेमतेम ०.६ टक्के. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांचे ऑपरेशन झालेले आहे. ऑपरेशन हवे असलेल्या बाईने ते जरूर करावे. पण ज्या ताटात एकच पदार्थ वाढला जातो, तिथे जेवणाऱ्याची आवड विचारण्यात काय अर्थ? एकविसाव्या वर्षी दोन मुले झालेली मुलगी ऑपरेशन करून घेते तेव्हा ती अनेकदा कायमचे काही ठरवत नसते. पुढच्या महिन्यात गोळ्या मिळतील याचा भरवसा नसल्याने एकदाच काय ते उरकून टाकत असते. तेव्हा जबरदस्तीचा धाक ज्याला खरोखर वाटतो, त्याने साधनांचा खर्च कमी करायची मागणी करण्याऐवजी उद्दिष्टे काढून टाकायची आणि साधने वाढवायची मागणी केली पाहिजे. १९९४ च्या कैरोतल्या लोकसंख्या परिषदेनंतर, १९९६ मध्ये, भारताने कागदावर लक्ष्यमुक्त धोरण स्वीकारले, ते याच समजुतीने. बिलासपूर त्यानंतर अठरा वर्षांनी घडले, कारण कागदावरून गेलेला आकडा मनातून गेला नव्हता.

प्रजननदराच्या घसरणीची चिंता खोटी आहे, असे मी म्हणत नाही. केरळात किंवा तमिळनाडूत म्हाताऱ्यांची संख्या वाढत असताना त्यांना सांभाळणारे हात कमी पडतील, हा अवघड प्रश्न आहे आणि तो उद्या आपल्याही दारात येईल. परंतु साधने काढून घेतल्याने पाळणे हलू लागतात का? रुमानियाने हा प्रयोग करून पाहिला आहे. १९६६ मध्ये चाउसेस्कू सरकारने गर्भपातावर बंदी घातली आणि गर्भनिरोधके जवळजवळ मिळेनाशी केली. पुढच्या वर्षी जन्मदर जवळपास दुप्पट झाला, मग वर्षागणिक उतरत गेला; कारण लोकांनी चोरवाटा शोधल्या. उतरला नाही तो मातामृत्यूंचा आकडा. तो युरोपात सर्वांत वर जाऊन बसला आणि अनाथालये नकोशा मुलांनी भरून गेली. १९८९ च्या अखेरीस ते सरकार कोसळले, बंदी उठली, आणि एका वर्षात मातामृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. चीनचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. ज्या सरकारने १९८० पासून पस्तीस वर्षे एका मुलापलीकडे जाणाऱ्या बाईला दंड केला, तिच्यावर गर्भपात लादले, त्याच सरकारने १ जानेवारी २०२६ पासून निरोध आणि इतर गर्भनिरोधकांवर १३ टक्के कर लावला आहे, कारण आता त्याला मुले हवी आहेत. धोरण पूर्ण उलटे फिरले. पण बाईच्या शरीराकडे पाहण्याची नजर तीच राहिली. आपल्याकडे १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि त्याच राज्यात आज व्यासपीठावरून तिसऱ्या अपत्याचा आग्रह धरला जातो. या दोन्ही आज्ञा एकाच बाईने ऐकायच्या आहेत. ज्यांना खरोखर मुले जन्मावीत असे वाटते, त्यांनी पाळणाघरे, प्रसूतीची भरपगारी रजा, परवडणारी घरे आणि चांगल्या सरकारी शाळा मागाव्यात. मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. अंतराची कुपी रोखून मिळालेले मूल हे त्या बाईने मागितलेले मूल नसते.

राहिला नीतीचा आक्षेप. साधने सहज मिळाली तर तरुण पोरे बिघडतील, अविवाहितांना मोकळे रान मिळेल, असे सभागृहात एका गृहस्थांनी तळमळीने सांगितले. त्यांची तळमळ खरी होती, म्हणून उत्तरही सविस्तर दिले पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडले. ते घर नसते तर त्या विधवा फसल्या नसत्या का? त्या फसल्याच असत्या, आणि त्यांची मुले विहिरीत गेली असती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्यापायी कॉलेजातली नोकरी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला तेव्हा १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. नाशिककर बाबासाहेबांचे नाव काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा यांसाठी घेतात. पण १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडलेला ठराव फारसा कोणाला आठवत नाही. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार तर करावाच, शिवाय त्यासाठी पुरेशा सोयी लोकांना उपलब्ध करून द्याव्यात, अशी त्या ठरावाची मागणी होती. ‘पुरेशा सोयी’ म्हणजे आजच्या भाषेत पुरवठा. ठराव फेटाळला गेला.

स्वातंत्र्यानंतरही नैतिक संकोचाने आपले नुकसान केलेच. १९५२ मध्ये सरकारी पातळीवर कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. पण आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीविचाराच्या असल्याने कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध होता, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने ‘सुरक्षित दिवस’ पाळण्याचा प्रयोग झाला. दिवस मोजता यावेत यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. रोज एक मणी पुढे सरकवायचा आणि रंग पाहून दिवस धोक्याचा की बिनधोक ते ओळखायचे. प्रयोग फसला. कुणी मणी सरकवायला विसरली, कुणाला मणी सरकवणे हाच उपाय वाटला. त्या बायकांच्या भोळेपणाची ही गोष्ट म्हणून सांगितली जाते तेव्हा मला राग येतो. साधन मागणाऱ्या बाईच्या हाती राज्यसंस्थेने मणी ठेवले, कारण साधन देण्याची त्या राज्यसंस्थेलाच लाज वाटत होती.

लाज सोडल्यावर काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९९० च्या दशकात एचआयव्हीची साथ भारत गिळणार, असे बोलले जात होते आणि मुंबई–आग्रा महामार्गावरच्या नाशिकला ती धास्ती जास्तच होती. १९९२ नंतर सरकारने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांपर्यंत आणि ट्रकचालकांपर्यंत निरोध पोहोचवले, तपासण्या केल्या, पुढे औषधेही मोफत दिली. आज प्रौढांमधले संसर्गाचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. ढाब्यावर निरोध ठेवल्याने समाज बुडाला नाही, उलट पुष्कळ घरे वाचली, आणि त्यांत कधीही महामार्गावर पाऊल न टाकलेल्या बायकांची घरे होती.

दुसऱ्याच्या पैशावर हा पुरवठा सोपवला तर काय होते, याचा धडा जगाला २०२५ मध्ये मिळाला. अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, आणि गरीब देशांसाठी घेतलेली सुमारे ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधके बेल्जियममधल्या गेल इथल्या गोदामात अडकून पडली. ती जाळून टाकण्याचा निर्णय त्या सरकारने जाहीर केला. आपल्यावर तशी वेळ आली नाही, कारण भारत आपली साधने आपल्या पैशाने घेतो. केंद्र सरकार खरेदी करते आणि राज्यांना माल देते. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तिथून आरोग्य केंद्राला आणि शेवटी उपकेंद्राला तो उतरत जातो. साठ्याची नोंद संगणकावर ठेवण्याची व्यवस्था २०१७ पासून आहे. याचा अर्थ अवघड भाग आपण कधीच पार केला आहे. पाणी धरणात आहे, फुटली आहे ती गावापर्यंतची जलवाहिनी. तालुक्याच्या भांडारापासून उपकेंद्रापर्यंत गाडी कोणी न्यायची, तिचे डिझेल कोणत्या शीर्षकातून द्यायचे, वीज गेल्यावर शीतपेटीचे काय करायचे, हे प्रश्न दिल्लीचे नाहीत. ते जिल्हा वार्षिक योजनेत आणि आदिवासी उपयोजनेत सुटण्यासारखे आहेत, आणि सिंहस्थासाठी रस्ते आणि घाट उभारणाऱ्या जिल्ह्याला ते झेपणार नाहीत असे कोणी म्हणू नये.

एक अडचण मात्र पैशानेही लगेच सुटणार नाही, तिला डोके लावावे लागेल. उपकेंद्राची मागणी त्याच्या नोंदवहीतल्या पात्र जोडप्यांवरून काढली जाते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरची हजारो जोडपी वर्षातले चार-पाच महिने त्या नोंदवहीत असतात आणि गावात नसतात; त्याच काळात दिंडोरी, निफाडच्या बागांवर ती असतात आणि तिथल्या नोंदवहीत नसतात. बाळाच्या लसीसाठी आपण वीटभट्ट्या, बांधकामे, ऊसतोडीचे तळ पायाखाली घालतो, मग छाटणीच्या हंगामात मुकादमाकडून टोळ्यांची यादी घेऊन बागेजवळच्या उपकेंद्रात तेवढ्या कुप्या आधीच का ठेवता येऊ नयेत? त्या दिवशी परत निघताना मी त्या बाईचे कार्ड मागून पाहिले. तिसऱ्या मात्रेच्या रकान्यात सिस्टरने पेन्सिलीने तारीख घातली होती, उशिराची चार आठवड्यांची सवलत धरून. त्या तारखेपर्यंत ती निफाडजवळच्या एका बागेत असणार होती. तिथून उपकेंद्र दीड किलोमीटरवर होते, असे आशाताईंनी फोनवर चौकशी करून तिला सांगितले, आणि तिकडच्या सिस्टरचे नाव कार्डाच्या मागे लिहून दिले.